स्तोत्रसंहितेतील गाऱ्हाणे आणि विस्थापितांची श्रद्धा

मराठी बायबलात ‘स्तोत्रसंहिता’ या नावाने समाविष्ट असलेल्या ग्रंथात १५० स्तोत्रे असून त्याचे हिब्रू नाव ‘तेहिल्लीम’, म्हणजे ‘स्तवने’, असे आहे. या नावात आणि ग्रंथाच्या आशयात एक लक्षणीय विसंगती आढळते. जर्मन पंडित हेर्मान गुंकेल (१८६२–१९३२) याने या स्तोत्रांचे रचनाप्रकारांनुसार वर्गीकरण केले, तेव्हा व्यक्तीच्या विलापगीतांचा वर्ग संख्येने सर्वांत मोठा ठरला. ज्या संग्रहाला परंपरेने स्तवन म्हटले, त्यात तक्रारच अधिक आहे. ही तक्रार श्रद्धेचा अभाव दर्शविते की श्रद्धेचेच एक रूप आहे, हा येथील मूळ प्रश्न होय.

तेराव्या स्तोत्राची घडण या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. अवघ्या सहा वचनांच्या या स्तोत्राच्या आरंभी ‘कुठवर’ हा प्रश्न चार वेळा विचारला जातो. मध्ये याचना येते आणि शेवट विश्वासाच्या उद्गारात होतो. बहुतेक विलापगीतांचा क्रम स्थूलमानाने असाच असतो. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र मात्र याला अपवाद आहे. ते अंधाराच्या उल्लेखातच संपते. तथापि तेथेही संबोधन ईश्वरालाच आहे. ज्याच्याकडून काहीच अपेक्षा नाही, त्याला कोणी जाब विचारीत नाही. मराठी भाषेने हा संबंध एकाच शब्दात जपला आहे. कोकणात देवापुढे ‘गाऱ्हाणे घालणे’ ही तक्रारही असते आणि प्रार्थनाही. नामदेव-तुकारामांचे विठ्ठलाशी होणारे भांडण याच जातीचे होय.

या अपेक्षेला आधार आहे तो ‘हेसेद’ या हिब्रू संज्ञेचा. ‘दया’ हा प्रतिशब्द तिला अपुरा पडतो, कारण दया ही केवळ देणाऱ्याच्या इच्छेवर अवलंबून असते. हेसेदमध्ये वात्सल्याबरोबरच दिल्या वचनाला जागणे अभिप्रेत आहे. एकशे छत्तिसाव्या स्तोत्राच्या सव्वीसही वचनांत याच गुणाचा ध्रुपदासारखा पुनरुच्चार होतो. ईश्वर स्वतःच्या वचनाने बांधलेला आहे, असे गृहीत धरल्यामुळेच भक्ताला जाब विचारण्याचा अधिकार प्राप्त होतो.

परंतु हे वचन एका विशिष्ट भूमीशी निगडित असेल आणि ती भूमीच हातची गेली तर? इ. स. पूर्व ५८६ च्या सुमारास यरुशलेमचे मंदिर बाबिलोनी सैन्याने उद्ध्वस्त केले व अनेक यहुदी हद्दपार झाले. एकशे सदतिसावे स्तोत्र याच प्रसंगाचे आहे. परक्या नद्यांच्या काठी बसलेले हे लोक, विजेत्यांनी फर्मावलेले गाणे गाण्यास नकार देऊन, आपली वाद्ये झाडांना टांगून ठेवतात. पण हा नकारही शेवटी गीतरूपानेच टिकला, हे विसरता येत नाही.

या प्रश्नाचे आधुनिक रूप ठाणे जिल्ह्यात पाहावयास मिळते. अंबरनाथचे शिवालय शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० च्या शिलालेखाने अंकित आहे. तेथील दैवत शतकानुशतके एका स्थानी स्थिर आहे. त्याच्या शेजारीच, दुसऱ्या महायुद्धात उभारलेल्या लष्करी छावणीच्या बराकींत, १९४७ च्या फाळणीनंतर हजारो सिंधी निर्वासित येऊन राहिले. १९४९ साली या वसाहतीस उल्हासनगर हे नाव मिळाले. या समाजाचे दैवत झुलेलाल हे सिंधू नदीचे दैवत. मिर्खशाह या शासकाच्या धर्मांतराच्या आज्ञेने भयभीत झालेल्या लोकांनी चाळीस दिवस नदीकाठी आराधना केली व त्यातून झुलेलालांचा अवतार झाला, अशी कथा आहे. म्हणजे या उपासनेच्या मुळाशीही सामूहिक गाऱ्हाणेच आहे.

सिंधू सीमेपलीकडे राहिली. उपासना मात्र थांबली नाही. प्रा. राम पंजवाणी (१९११–१९८७) यांनी मुंबईत झुलेलाल व चेटीचंड यांना विखुरलेल्या समाजाच्या ऐक्याचे प्रतीक म्हणून पुढे आणले. चाळीस दिवसांचे ‘चालिहो’ व्रत उल्हासनगरातही पाळले जाते. ‘पंजडे’ ही स्तुतिगीते गायिली जातात. दीपयुक्त ‘बहराणो’ जलाशयास अर्पण होतो. जे जल जवळ असेल, तेच सिंधूचे प्रतिनिधी मानले जाते. कर्जत-बदलापूरकडून वाहत येणारी उल्हास ही सिंधू नव्हे, हे उपासकास ठाऊक असते. म्हणून या विधीत सांत्वन आणि वियोगाची जाणीव ही दोन्ही एकत्र नांदतात.

येथे दोन भेद नोंदविणे अगत्याचे आहे. पहिला असा की, इ. स. पूर्व ५३९ मध्ये कोरेशाने बाबिलोन जिंकल्यावर यहुद्यांना परतीची वाट मिळाली; सिंधी समाजाला ती मिळाली नाही. दुसरा भेद अधिक मूलगामी आहे. एकशे सदतिसाव्या स्तोत्राचा शेवट शत्रूच्या अर्भकांविषयीच्या भीषण सूडभावनेत होतो. झुलेलालांच्या कथेत मिर्खशाह अखेरीस नमतो व समेट होतो. मात्र स्तोत्र हा ताज्या जखमेचा उद्गार आहे, तर आख्यान पिढ्यान्‌पिढ्या घडत आलेले आहे. या दोहोंना एकाच मापाने मोजणे न्याय्य ठरणार नाही. शिवाय स्तोत्रकार सूडाची इच्छाही ईश्वरापुढेच मांडतो, ती स्वतः कृतीत उतरविल्याचे सांगत नाही.

स्तोत्रसंहितेतील ईश्वराचा प्रधान गुण सामर्थ्य मानण्याची प्रथा आहे. परंतु विलापगीतांवरून श्रवणशीलता हा त्याहून मूलभूत गुण ठरतो. त्याला अनुरूप अशी मानवी श्रद्धा म्हणजे निःशंकता नव्हे. उत्तर मिळाले नसतानाही संबोधन न थांबविणे, ही ती श्रद्धा होय. भूमी, मंदिर आणि नदी गमावल्यावर माणसाजवळ जे उरते, ते हे संबोधन.