चुना पकडणारे क्षार

हिंगोली, वसमत, औंढा या भागात संसार केलेल्या बाईला पाण्याचे जडपण पुस्तकातून शिकावे लागत नाही. विहिरीच्या पाण्यात तुरीची डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, आणि दिवाळीच्या आदल्या दिवशी बंब घासायला काढला की आतून पांढरे पोपडे निघतात. हा सारा आमच्या काळ्या पाषाणाचा प्रसाद! पावसाचे पाणी दख्खनच्या या खडकातून झिरपताना कॅल्शियम आणि मॅग्नेशियम बरोबर घेऊन येते. त्यातल्या कॅल्शियमला आपण घरगुती भाषेत चुना म्हणू. आज ज्या क्षारांची ओळख करून द्यायची आहे, त्यांचा या चुन्याशी जन्माचा संबंध आहे.

ते क्षार म्हणजे सोडियम फॉस्फेट. 'ते' म्हटले, कारण हे एकाचे नाव नव्हे, कुळाचे नाव आहे. मी या जिल्ह्यात (१ मे १९९९ पर्यंत हा परभणीचाच भाग होता) पुष्कळ वर्षे मुलांना रसायनशास्त्र शिकवले. फळ्यावर या क्षारांची तीन सूत्रे लिहिली की मागच्या बाकावरून हमखास प्रश्न यायचा, "सर, तीन कशाला? एकाने भागत नाही का?" प्रश्न टिंगलीचा असला तरी खरा होता.

असे समजा, की फॉस्फरिक आम्लाला तीन खुंट्या आहेत आणि प्रत्येकीवर एकेक हायड्रोजन टांगलेला आहे. एक हायड्रोजन काढून तिथे सोडियम टांगला की मोनोसोडियम फॉस्फेट होते, दोन टांगले की डायसोडियम, तिन्ही टांगले की ट्रायसोडियम. दिसायला तिघेही पांढरे, मिठासारखे. पण शंभर भाग पाण्यात एक भाग विरघळवून पाहा. पहिल्याचे पाणी आंबट, पीएच साडेचारच्या आसपास. दुसऱ्याचे थोडे अल्कधर्मी, नऊच्या जवळ. तिसऱ्याचे बाराच्या घरात, म्हणजे हात पोळवणारे! रंग देण्यापूर्वी भिंतीवरचा तेलकटपणा उतरवायला तिसरा कामाला येतो. पहिला रक्तपेढीच्या पिशवीत रक्त टिकवणाऱ्या द्रावणात असतो. दुकानात नुसते 'सोडियम फॉस्फेट द्या' असे का म्हणू नये, ते यावरून ध्यानात यावे.

एवढ्यावर कुळ संपत नाही. हे क्षार तापवले की त्यांच्यातले पाणी निघून जाते आणि सुटे फॉस्फेट एकमेकांचे हात धरून साखळी करतात. दोघांची साखळी ती पायरोफॉस्फेट, तिघांची ट्रायपॉलिफॉस्फेट, आणि लांबलचक काचेसारखी झाली की तिला व्यापारात हेक्झामेटाफॉस्फेट म्हणतात. या सगळ्यांतला भेद मुळात पाण्याच्या कमीजास्तपणाचा आहे, हे टॉमस ग्रॅहॅम या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञाने १८३३ मध्ये दाखवून दिले. त्या काचेसारख्या क्षाराला आजही ग्रॅहॅमचा क्षार म्हणतात. पुढे पाणी मऊ करण्यासाठी तोच 'कॅलगॉन' या नावाने बाजारात आला. कॅल्शियम गेले, 'गॉन' झाले, म्हणून कॅलगॉन! नाव ठेवणारा माणूस मिश्किल असला पाहिजे.

आता त्या नात्याकडे वळू. वसमतची हळद सर्वांना ठाऊक आहे, पण तिथे पूर्णा सहकारी साखर कारखानाही आहे, आणि साखर कारखाना म्हटला की त्याचा प्राण बॉयलरमध्ये. घरच्या बंबात पोपडा धरला तर फार तर लाकूड जास्त जळते. बॉयलरच्या नळीत धरला तर उष्णता पाण्यापर्यंत पोचत नाही, नळी आतल्या आत लाल होते आणि एखादे दिवशी फुटते. म्हणून बॉयलरला पाणी मऊ करूनच देतात. तरीही थोडा चुना चुकून उरतो, आणि त्याच्या बंदोबस्तासाठी ट्रायसोडियम फॉस्फेट घालण्याची पद्धत आहे. ते चुन्याला पकडते, पण नळीला चिकटू देत नाही. त्याचा मऊ गाळ होऊन तळाशी बसतो. मग ठराविक वेळाने ब्लो-डाऊनची झडप उघडायची आणि तो गाळ वाफेच्या फुत्काराबरोबर बाहेर सोडायचा. झडप वेळेवर उघडली नाही, तर औषध घालून उपयोग काय?

हा गाळ रसायनशास्त्राच्या दृष्टीने आपल्या हाडांचा सख्खा भाऊ आहे. दोन्ही कॅल्शियम फॉस्फेटचेच. प्रौढ माणसाच्या अंगात सुमारे सातशे ग्रॅम फॉस्फरस असतो आणि त्यातला पंच्याऐंशी टक्के हाडांत व दातांत.

धुण्याच्या पावडरीत चुना पकडण्याचे काम ट्रायपॉलिफॉस्फेट करी, आणि फार चांगले करी. पण सांडपाण्यातून नदीतळ्यांत गेलेले फॉस्फेट शेवाळाला आणि जलपर्णीला खत ठरते. युरोपीय संघाने ३० जून २०१३ पासून घरगुती धुण्याच्या पावडरीत त्याच्यावर कडक मर्यादा घातली. इतरत्रही पुष्कळ पावडरींतून ते कमी झाले आहे. असो.

खाण्याच्या पदार्थांत मात्र त्याचा शिरकाव वाढला. बेकिंग पावडरीतला आंबट भाग पुष्कळदा पायरोफॉस्फेटचा असतो. भट्टीची उष्णता लागली की तो सोड्याला जागा करतो आणि केक फुगतो. डब्यातल्या चीजमध्ये हेच क्षार दुधातल्या कॅल्शियमला प्रथिनापासून सोडवतात, म्हणून ते चीज तापवल्यावर तूप न सोडता एकजीव वितळते. गोठवलेल्या मांसामाशांत ते पाणी धरून ठेवतात, आणि अर्थातच वजनही! धडधाकट माणसाने यातले काही बेताने खाल्ले तर घाबरायचे कारण नाही. पोटात गेल्यावर साखळ्या तुटतात, सगळे साधे फॉस्फेट होते आणि नको असलेले मूत्रपिंडे बाहेर टाकतात. ब्लो-डाऊनची झडप म्हणतात ती शरीरात हीच.

हे सारे इतक्या तपशिलाने सांगण्याचे कारण आमच्या वहिनी. मधुमेहाने त्यांची मूत्रपिंडे अशक्त झालेली. मध्यंतरी मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी करायची म्हणून त्यांना नांदेडला नेले. तपासणीच्या आधी आतडे स्वच्छ करण्यासाठी मोनोसोडियम आणि डायसोडियम फॉस्फेटचे द्रावण देतात. शेजारच्या काकूंनी ते घेतले होते, त्या म्हणाल्या, "दोन बाटल्या प्यायच्या, झाले! त्यात काय मोठे?" डॉक्टरांनी मात्र आधी क्रिएटिनिनचा कागद मागितला, तो पाहिला, आणि म्हणाले, "यांना हे नाही." त्यांनी दुसरे, पॉलिएथिलीन ग्लायकॉलचे औषध दिले. ते चार-चार पेले प्यावे लागते, वहिनी कंटाळल्या, पण बरे झाले. या फॉस्फेटच्या द्रावणाने क्वचित मूत्रपिंडाच्या बारीक नळ्यांत कॅल्शियम फॉस्फेटचे खडे धरतात आणि मूत्रपिंड कायमचे निकामी होऊ शकते, असा कडक इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर २००८ मध्ये दिला होता. वय पंचावन्नच्या पुढे, मूत्रपिंडाचा जुना विकार, अंगातले पाणी कमी झालेले, रक्तदाबाच्या काही गोळ्या किंवा दुखणे थांबवणाऱ्या गोळ्या चालू असलेले, अशांना धोका अधिक. बॉयलरच्या नळीत आपण मुद्दाम घडवतो तोच गाळ, पण इथे झडपेतच अडकलेला!

तपासणी सुखरूप पार पडली. त्यानंतर आहारतज्ज्ञ बाईंनी वहिनींना एक वही करायला लावली. मला वाटले, आता डाळी बंद होणार. तसे झाले नाही, नुसते प्रमाण बांधून दिले. धान्याडाळींतला फॉस्फरस बराचसा फायटेटच्या रूपात असतो आणि त्यातला निम्म्याच्या आसपास किंवा त्याहूनही कमी अंगी लागतो. वरून घातलेल्या क्षारांतला मात्र सुमारे नव्वद टक्के सरळ रक्तात उतरतो. तेव्हा बाईंचा सारा रोख पाकिटांवर होता. त्यावरचे आकडे त्यांनी वहीत लिहून दिले : ३३९ म्हणजे साधी सोडियम फॉस्फेटे, ४५० पायरो, ४५१ ट्रायपॉलि, ४५२ त्याहून लांब साखळ्या, आणि ५४१ सोडियम ॲल्युमिनियम फॉस्फेट. पाकिटावर 'इमल्सिफायर' किंवा 'रेझिंग एजंट' अशी सोज्वळ नावे असतात; आकडा पुढे कंसात, मुंगीच्या अक्षरात. किती घातले ते बहुधा लिहिलेले नसतेच. हे मला पटत नाही. साखरमिठाचे प्रमाण छापता येते, तर याचे का नाही?

पुतण्या आता किराणा आणताना भिंग घेऊन जातो. दुकानदाराला वाटते, तारीख पाहतोय.

रक्तातला फॉस्फरस अडीच ते साडेचार मिलिग्रॅमच्या आत हवा, वहिनींचा वर गेला होता. त्यासाठी डॉक्टरांनी गोळी दिली ती कॅल्शियम ॲसिटेटची. म्हणजे चुनाच! आजवर फॉस्फेट चुन्याला पकडत होते, इथे चुन्याकडून फॉस्फेटला आतड्यातच पकडायचे आणि तिथूनच बाहेर घालवायचे. वहिनींना हे सांगितले तेव्हा त्या पानात आमटी वाढीत होत्या. म्हणाल्या, "भावजी, मग ही गोळी जेवण झाल्यावर निवांत घेतली तर चालेल ना?"

म्हटले, "नाही वहिनी. पकडायचे ते अन्नात आहे. घासाबरोबरच घ्या."