दाखल्यावरचे कारण बदलले

गेल्या महिन्यात एक गृहस्थ दवाखान्यात आले. वय ४६, किराणा मालाचे दुकान. रक्तदाब मोजला तर १७० वर ११० भरला. दोन दिवसांनी पुन्हा बोलावून मोजला, तरी तेवढाच. गोळी लिहून दिली तेव्हा म्हणाले, "डॉक्टरसाहेब, आमच्या घराण्यात हा आजार कुणालाच नव्हता. आजोबा रोज वाटीभर तूप खायचे, ९१ वर्षे जगले. मला गोळीची सवय नको."

मी एवढेच विचारले, "आजोबांना भावंडे किती होती?"

बोटांवर मोजत ते म्हणाले, "एकूण नऊ. त्यातली पाच लहानपणीच गेली. एक बहीण पहिल्या बाळंतपणात गेली."

वाचकहो, आपल्याला आठवतात ते ९१ वर्षांचे आजोबा. त्या पाच मुलांची नावेही आज घरात कुणाला ठाऊक नसतात. स्वातंत्र्य मिळाले तेव्हा भारतीय माणसाचे सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होते. याचा अर्थ सगळे बत्तिशीत मरत असा नव्हे. लहान मुले इतकी दगावत, की सरासरी खाली येई. हिवताप, देवी, कॉलरा, क्षय ही तेव्हाची मरणाची कारणे. एकट्या हिवतापाने वर्षाला सुमारे ८ लाख माणसे जात.

हे चित्र आपोआप पालटले नाही. १९७१ साली बांगलादेशी निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत डॉ. दिलीप महालनोबीस यांनी कॉलऱ्याच्या रुग्णांना मीठ, सोडा व ग्लुकोज घातलेले पाणी पाजले आणि मृत्यूचे प्रमाण ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आणले. तीच आपली जलसंजीवनी. १९७५ साली देवीचा देशातला शेवटचा रुग्ण आढळला. २०११ नंतर पोलिओ गेला. १९७१ साली जन्मलेल्या हजार बाळांतील १२९ वर्षाच्या आत दगावत. २०२० साली हा आकडा २८ वर आला. आयुर्मान ७० पर्यंत पोचले.

मी १९९२ साली या गावात दवाखाना थाटला. मृत्यूच्या कारणाचा दाखला दिला की त्याची नोंद एका वहीत करण्याची मला पहिल्यापासून सवय आहे. परवा जुनी वही काढली. पहिल्या पानांवर जुलाबाने सुकलेली तान्ही मुले, धनुर्वाताचे नवजात अर्भक, क्षयाने खंगलेला विडी कामगार, सर्पदंश. अलीकडच्या वहीत हृदयविकाराचा झटका, पक्षाघात, मधुमेहाने निकामी झालेली मूत्रपिंडे. आणि वये ४५, ५२, ५८. कमावत्या माणसांची.

देशाचे आकडेही हेच सांगतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद व इतर संस्थांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार १९९० साली शंभरातले सुमारे ५४ मृत्यू संसर्ग, बाळंतपण व कुपोषण यांमुळे होत. २०१६ साली ते २८ च्या आत आले. हृदयविकार, पक्षाघात, मधुमेह, कर्करोग, जुनाट श्वसनविकार यांसारख्या आजारांचा वाटा मात्र ३८ वरून ६२ झाला.

याचे एक कारण चांगलेच आहे: माणसे जगू लागली, म्हणून उतारवयातले आजार दिसू लागले. दुसरे कारण आपल्या हातातले आहे. तंबाखू, जेवणातले वरचे मीठ, पापड-लोणची-फरसाण, दिवसभराचे बैठे काम. जुने आजार हाक मारून येत. ताप भरे, उलट्या होत, घर धावपळ करी. रक्तदाब बहुधा वर्षानुवर्षे काही दुखवत नाही. म्हणून माणूस म्हणतो, "मला काय झालंय?"

हे मी दुसऱ्यालाच शिकवतो असे नाही. माझा सख्खा धाकटा भाऊ २०१९ साली पक्षाघाताने गेला. वय ४८. गावभराचे रक्तदाब मी मोजले, त्याचा कधी मोजलाच नाही. दर दिवाळीला तो शेजारी बसून जेवत होता.

जुने शत्रू संपलेले नाहीत. क्षयाने आजही देशात वर्षाला लाखो माणसे जातात. आणि २०२०-२१ च्या कोरोनात मधुमेही व रक्तदाबाच्या रुग्णांना अधिक धोका होता, हे आपण डोळ्यांनी पाहिले.

तेव्हा एवढे करा. तिशी ओलांडली की वर्षातून एकदा रक्तदाब व साखर तपासून घ्या. सरकारी आरोग्य केंद्रात ही तपासणी मोफत होते. गोळी सुरू झाली असेल तर बरे वाटते म्हणून स्वतःच्या मनाने बंद करू नका. रोज अर्धा तास चाला. तंबाखू सोडा. ताटात वरून मीठ घेऊ नका. आणि तपासायला जाल तेव्हा घरातल्या भावाला, बायकोलाही बरोबर न्या.

ते दुकानदार त्या दिवशी चिठ्ठी खिशात घालून गेले. गेल्या सोमवारी पुन्हा आले. रक्तदाब १३८ वर ८८ होता. सोबत त्यांनी थोरल्या भावाला आणले होते. त्यांचा १८० वर भरला.