लेकराचा आहार हेच त्याचे औषध



पऱ्हाटी पिवळी पडली की आपण लगेच पान खुडून कृषी सहायकाला दाखवतो. लेकरू मात्र सुकत जाते आणि आपण म्हणतो, "त्याची अंगलटच बारीक." हे सुकणे आजार असू शकतो, आणि त्याच्या उपचारासाठी सरकार पैसा देते.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात ३३ ठिकाणी बालविकास योजना सुरू झाली. आपल्या विदर्भातले धारणी त्यातलेच. आज अंगणवाडीच्या आहाराचा खर्च केंद्र व राज्य निम्मा-निम्मा उचलतात. २०१७ साली दर ठरला तो साध्या बालकास रोजचे आठ रुपये, तीव्र कुपोषितास बारा. एवढ्यात काय येते, हे बाजार करणाऱ्याला सांगायला नको! तरी माप लक्षात ठेवा. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने साध्या बालकास ५०० उष्मांक ठरवले, तर तीव्र कुपोषितास ८०० उष्मांक आणि २० ते २५ ग्रॅम प्रथिने. हा जास्तीचा वाटा त्या एकाच लेकराचा. पाकीट घरी आले आणि सगळ्यांच्या ताटात गेले, तर एकाचे औषध घरभर चमचा-चमचा वाटल्यासारखे होते.

पण वाटा मिळायचा तर आधी लेकराचे मोजमाप झाले पाहिजे. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या बालकाच्या दंडाला अंगणवाडीताई पट्टी लावतात. घेर साडेअकरा सेंटिमीटरहून कमी भरला, किंवा दोन्ही पावलांना सूज असून बोटाने दाबल्यावर खड्डा राहिला, तर थांबू नका. गावचे वावर सोडून कामासाठी नागपुरात, नंदनवन भागात आला असाल, तर इथल्या अंगणवाडीत जाऊन नाव लगेच नोंदवा. गावच्या वहीतले नाव इथे पोट भरत नाही.

लेकरू खातच नसेल, किंवा ताप-हगवण असेल, तर त्याला पोषण पुनर्वसन केंद्रात भरती करावे लागते. तिथे साधारण चौदा दिवस राहावे लागते. सुरुवातीला दूध, साखर व तेलाचा पातळ आहार थोडा-थोडा, पण रात्रंदिवस देतात. सुकलेल्या पोटाला एकदम भरपूर जेवण सोसत नाही, म्हणून घरी जबरीने भरवू नका.

कापूस वेचणीच्या दिवसांत "रोजी बुडते" म्हणून बाई येत नाही, ही खरी अडचण. बुडालेल्या मजुरीची भरपाई देण्याची आणि आईच्या जेवणाची तरतूद या योजनेत आहे. भरती होतानाच रक्कम विचारा, बँकेचे पासबुक सोबत न्या. सुटी देताना पुढच्या तपासणीची तारीख सांगतात. त्या दिवशी बाजार असला तरी आधी लेकराला दाखवून या.