मांजराच्या पिसवांचा बंदोबस्त

हिंगोली जिल्ह्यात ज्वारी, तूर, हरभरा इत्यादी धान्य घरात साठविले जात असल्याने उंदरांचा उपद्रव बारमाही असतो, व त्यासाठी पुष्कळ शेतकऱ्यांच्या घरी मांजर राखलेले आढळते. पावसाळ्यात मांजर सारखे अंग खाजवू लागले व घरातील माणसांच्या घोट्यांभोवती तांबडे चट्टे उठू लागले म्हणजे मांजरास हाकलून देण्याकडे कल होतो. हा उपाय उलटा पडतो. मांजर गेले तरी पिसवांची अंडी, अळ्या व कोष घरातच राहतात. नव्याने निघालेल्या पिसवांस मांजर मिळाले नाही म्हणजे त्या माणसांस अधिक चावतात, आणि उंदरांस रान मोकळे होते ते निराळेच.

पिसवेची मादी रक्त प्याल्यानंतर एकदोन दिवसांतच अंडी घालू लागते. अंडी गुळगुळीत असल्यामुळे केसांत न अडकता मांजर जेथे निजते तेथे गळून पडतात. त्यांतून निघालेली अळी उजेड टाळते. ती जमिनीच्या भेगांत, गोधडीच्या घडीत, कणगीखालच्या धुळीत दडते व पिसवांच्या विष्ठेतील वाळलेल्या रक्तावर वाढते. पुढे ती कोष विणते. त्यास धूळमाती चिकटल्याने तो ओळखू येत नाही. कोषातील पिसू आठवड्याभरात बाहेर येते, किंवा कित्येक महिने आत स्वस्थ बसून राहते, आणि पावलांचा हादरा व शरीराची ऊब जाणवताच बाहेर पडते. ऊसतोडीस गेलेले कुटुंब परतल्यावर बंद घराचे कुलूप काढते आणि पहिल्याच संध्याकाळी पिसवा अंगावर तुटून पडतात, त्याचे कारण हेच होय. कोणी करणी केली असे समजण्याचे काही कारण नाही.

यावरून खरे काम मांजराच्या अंगावर नसून जमिनीवर आहे हे ध्यानात येईल. घराचे कानेकोपरे व कणगीखालची जागा रोज झाडावी आणि केर उकिरड्यावर न टाकता जाळून टाकावा. भेगा लिंपून बुजवाव्यात. मांजरास निजण्यासाठी एकच जुने पोते ठरवून द्यावे व ते दर आठवड्यास उकळत्या पाण्यात बुडवून कडक उन्हात वाळवावे. गोधड्यांनाही ऊन द्यावे. कोषांवर औषधाचा फारसा परिणाम होत नसल्याने हा क्रम निदान दोनतीन महिने चालू ठेवावा लागतो. पहिल्या आठवड्यानंतर कंटाळून सोडणारांच्या घरी पिसवा पुन्हा होतात.

मांजराच्या केसांतील काळे कण ओल्या पांढऱ्या फडक्यावर ठेवावेत. तांबूस डाग पसरल्यास पिसवा आहेत असे समजावे. बारीक दातांच्या फणीने केस विंचरून निघालेल्या पिसवा साबणाच्या पाण्यात बुडवाव्यात. लहान पिलांस विशेष जपावे, कारण पिसवा फार झाल्या तर रक्त कमी होऊन पिलू दगावते. औषध लावणे झाल्यास पशुवैद्यकीय दवाखान्यातून मांजरासाठीचेच, वजनाप्रमाणे मात्रा ठरवून घ्यावे.

गुरांच्या गोचिडांसाठी आणलेले सायपरमेथ्रिन किंवा डेल्टामेथ्रिन उरले म्हणून मांजरास लावणे ही घातक चूक होय. गाईम्हशींस सोसणारे हे औषध मांजराचे यकृत पचवू शकत नाही. लाळ गळणे, अंग थरथरणे, झटके येणे ही विषबाधेची लक्षणे आहेत. अशा वेळी कोमट पाणी व सौम्य साबण यांनी अंग धुवून, कापडात गुंडाळून मांजरास तत्काळ दवाखान्यात न्यावे. कुत्र्याचे औषध, रॉकेल व फिनेल हीही वर्ज्य समजावीत. फिनेलने पुसलेल्या जमिनीवर चाललेले मांजर पंजे चाटते व विष पोटात जाते. वडीलधाऱ्यांच्या आठवणीतील गमाक्सिन, म्हणजे बीएचसी पावडर, हिच्यावर १९९७ पासून बंदी आहे. ती कोठे शिल्लक असल्यास वापरू नये.

प्लेग पसरविणारी पिसू मुख्यतः उंदराची असते, मांजराची नव्हे. तथापि १९९४ साली मराठवाड्यातच, बीड जिल्ह्यातील मामला गावी, प्लेगचे रुग्ण आढळले होते. गावात उंदीर आपोआप मरून पडू लागल्यास त्यांस हात न लावता ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रास कळवावे.