लोकरीचा भाव आणि शाळेचा तास

विट्याच्या आसपास, म्हणजे खानापूर, आटपाडी, कडेगाव आणि शेजारच्या माण-खटावच्या कोरडवाहू पट्ट्यात, दोन कसबे पिढ्यान्‌पिढ्या नांदली. एक सोने-चांदी गाळण्याचे, दुसरे घोंगडी विणण्याचे. पहिल्यासाठी कोणी शिबिर भरवले नाही की पुनरुज्जीवनाचा ठराव केला नाही. तरी इथला गलाईवाला केरळपासून कोलकात्यापर्यंत सराफ पेठांच्या गल्लीबोळांत सापडतो. दुसऱ्यासाठी कायदा आहे, प्रदर्शने आहेत, हळहळ तर अमाप आहे. माग मात्र एकेक करून थांबत आले. मुलांना शाळेत हस्तकला शिकवली की मरणारी कला जगेल, असे आज अनेक संस्था मनापासून मानतात. त्यांनी ही दोन कसबे शेजारी शेजारी ठेवून पाहावीत. माझे म्हणणे थोडक्यात असे, की कला जगवण्याचे ओझे मुलांच्या दप्तरात टाकणे ही कलेची आणि मुलांचीही फसवणूक आहे. शाळेने हस्तकला जरूर शिकवावी, पण वेगळ्या कारणासाठी.

गलाईचे शिक्षण कसे होते ते बघा. दुष्काळी गावातला पोरगा मामाबरोबर किंवा चुलत्याबरोबर परमुलखात जातो. आधी दुकान झाडायचे, भट्टी पेटवायची. मग मूस धरायला शिकायचे, मग तेजाबाचे प्रमाण, आणि सर्वांत शेवटी टंच, म्हणजे सोन्याची शुद्धता, ओळखण्याची नजर. सोनाराच्या दुकानातला केर विकत घेऊन त्यातून सोन्याचे कण वेगळे काढणे हे रसायनशास्त्रच आहे, फक्त ते पुस्तकातून आलेले नाही. ही माणसे बहुतेक शेतकऱ्यांच्या घरांतली. सोनारकी त्यांच्या घराण्यात नव्हती. पाऊस नसल्याने त्यांना बाहेर पडावे लागले, आणि 1972च्या दुष्काळाने तर ही वाट आणखी रुंद केली. पण वाट धरून ठेवली ती एका खात्रीने: पाच-सात वर्षे राबलो तर स्वतःचे दुकान टाकता येईल. शिकण्याच्या शेवटी पोट भरणारी जागा दिसत होती, म्हणून शिकणारे मिळत गेले. याची किंमतही कमी नाही. कित्येकांची शाळा अर्ध्यावर सुटली आणि तेजाबाच्या वाफा छातीत गेल्या. त्यामुळे हा नमुना जसाच्या तसा उचलावा असे कोणी म्हणणार नाही. त्यातली खात्री तेवढी लक्षात ठेवायची.

घोंगडीच्या साखळीत नेमकी हीच खात्री नाही. दख्खनी मेंढीची लोकर धनगराने वर्षातून दोनदा कातरायची, ती पिंजायची, बायकांनी सूत काढायचे, सणगराने म्हणजे विणकराने ताणा लावायचा, चिंचोक्याची खळ कुंच्याने सुतावर चढवायची, आणि खड्ड्याच्या मागावर धोटा फिरवत विणायचे. काळा, करडा, पांढरा हे मेंढीचेच रंग. रंगाऱ्याची गरज नाही. पावसात मेंढपाळाच्या डोक्यावर, थंडीत अंगावर, बिरोबाच्या आणि खंडोबाच्या देवघरात आसन म्हणून घोंगडी लागायची, तोवर ही साखळी आपोआप ओढली जात होती. मग कृत्रिम धाग्याचे हलके, रंगीत, स्वस्त ब्लँकेट आठवडी बाजारात आले. लोकरीला भाव राहिला नाही, कातरणीची मजुरीही सुटेना. मेंढपाळाने हिशेब केला आणि मांसाला चांगली, लोकरीला नावापुरती अशी माडग्याळ जातीची मेंढी त्याला परवडू लागली. त्याला दोष कोण देणार? सणगराच्या मागावर संकट आले ते असे मेंढवाड्यातूनच. विणणाऱ्या हातांची उणीव नंतर पडली; आधी सूत आटले आणि गिऱ्हाईक आटले.

इथे कायद्याची साक्ष काढण्यासारखी आहे. 1985 साली संसदेने हातमागासाठी काही वाण राखून ठेवण्याचा कायदा केला. सुरुवातीला अशा वाणांची यादी 22ची होती. पुढे ती 11वर आली, पण कांबळी, म्हणजे घोंगडीच, तीत राहिलीच. म्हणजे ती यंत्रमागावर विणणे कायद्याने मना आहे. तरी कांबळीवाला वाचला नाही, कारण त्याची स्पर्धा यंत्रमागावरच्या कांबळीशी नव्हतीच. ती होती लोकर नसलेल्या वेगळ्याच वस्तूशी. आणि हातमागाची एकूण मजुरी काय आहे? 2019-20च्या चौथ्या हातमाग गणनेत देशात सुमारे 35 लाख हातमाग कामगार नोंदले गेले, आणि त्यांतली जवळपास दोन-तृतीयांश कुटुंबे महिन्याला 5,000 रुपयांच्या आत कमावणारी निघाली. या आकड्याकडे पाहून कोणत्या आईने मुलाला मागावर बसवावे? मुलांना परंपरेची गोडी उरली नाही, ही तक्रार मला म्हणून पोकळ वाटते. गोडी असलेल्यांनीही गणित केले आहे.

शाळेतून हस्तोद्योग शिकवण्याचा प्रयोग आपल्याकडे नवा नाही, आणि त्याचा इतिहास या चर्चेत फारसा कोणी उघडत नाही. ऑक्टोबर 1937मध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी नई तालीम मांडली, झाकिर हुसेन समितीने तिचा अभ्यासक्रम बांधला. सूत कातता कातता गणित, भूगोल, इतिहास शिकावा ही मूळ कल्पना फार मोलाची होती. पण तिला आणखी एक अट जोडली गेली होती: मुलांच्या उत्पादनातून शाळेचा खर्च निघावा. शिकाऊ हाताचे सूत बाजारात टिकत नाही. तिथे योजना अडली, आणि पुढे बहुतेक शाळांत टकळी हा उरकायचा तास झाला. कोठारी आयोगाने 1964-66मध्ये त्याच कल्पनेला कार्यानुभव असे नाव दिले. महाराष्ट्रातल्या दोन-तीन पिढ्यांना त्या तासातून आठवतात त्या आइस्क्रीमच्या काड्या आणि थर्माकोल. साताऱ्याच्या भूमीत मात्र वेगळी वाट निघाली होती. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली काले येथे रयत शिक्षण संस्था काढली. त्यांच्या ‘कमवा आणि शिका’मध्ये श्रम होते ते शिक्षण परवडावे म्हणून. कोणतीही कला जतन करण्याचा आव त्यात नव्हता, आणि मला वाटते म्हणूनच ते टिकले.

याच ठिकाणी सगळ्यांत वजनदार आक्षेप येतो. हस्तकला म्हणजे जातीचे काम. ते शाळेत आणणे म्हणजे कुंभाराच्या पोराला पुन्हा चाकावर आणि सणगराच्या पोराला पुन्हा खड्ड्यात बसवणे. हा आक्षेप काल्पनिक नाही. 1953 साली मद्रास राज्यात मुख्यमंत्री राजाजींनी शाळेचे तास कमी करून उरलेल्या वेळात मुलांनी आईबापांचा धंदा शिकावा अशी योजना आणली. पेरियारांनी आणि त्यांच्याबरोबर मोठ्या जनमताने तिला जातीचे शिक्षण म्हणून विरोध केला. 1954 साली राजाजी पायउतार झाले आणि कामराजांनी ती रद्द केली. योग्यच झाले. त्यावरून घ्यायचा धडा असा, की ज्याच्या घरात माग आहे त्यालाच माग शिकवणारा कार्यक्रम नाकारावा. वर्गातल्या वकिलाच्या मुलीलाही खळीत हात घालावे लागत असतील तर गोष्ट बदलते. बालमजुरीचेही तसेच. 2016च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवणे सरसकट बंद केले, पण शाळा सुटल्यावर घरच्या धंद्यात मदत करण्याची मुभा ठेवली. या फटीतून ‘परंपरेचे शिक्षण’ या नावाखाली काय काय शिरू शकते हे उघड आहे. मुलांनी केलेली वस्तू विकायचीच नाही, एवढा साधा नियम शाळेने पाळला तरी बराच धोका टळतो.

यावर कोणी म्हणेल, शिक्षणाने कला जगल्याची उदाहरणेही आहेत. आहेत, पण त्यांचा क्रम पाहावा. होळकरांच्या महेश्वरात 1979 साली रिचर्ड आणि सॅली होळकर यांनी रेहवा संस्था सुरू केली, ती आधी विणकर बायकांना माग, सूत आणि मजुरी देण्यासाठी. मुलांची शाळा नंतर आली, आणि ती सर्वसाधारण शिक्षणाची. कच्छमध्ये 2005 साली सुरू झालेल्या कला रक्षा विद्यालयाने कारागिरांनाच विद्यार्थी केले. आधीच विणता येणाऱ्याला रंगसंगती, रचना, बाजार शिकवला. दोन्हीकडे पैसा आणि गिऱ्हाईक प्रौढांपाशी आणले गेले. विट्याच्या परिसरात कोणाला घोंगडी खरोखरच जगवायची असेल तर पहिला रुपया दख्खनी लोकरीच्या खरेदीवर आणि पिंजण यंत्रावर जायला हवा. सणगराला जाजम, आसन, पिशवीचे कापड अशा नव्या वाणांची मागणी मिळवून द्यायला हवी. एवढे करूनही ती जगेलच असे नाही. काही कला जातील. त्यांचे तंत्र नीट नोंदवून ठेवणे हेही काम आहे.

मग शाळेत घोंगडी कशाला? कारण विट्यातल्या मुलासमोर कापड या विषयाचे अख्खे पाठ्यपुस्तक उघडे आहे आणि त्याला ते वाचायला कोणी शिकवत नाही. गावात यंत्रमागाचा खडखडाट आहे. खड्ड्याच्या मागावर जो ताणा, जी फणी, जो धोटा, तेच तत्त्व तिथे वीज चालवते. दोन्ही एकाच आठवड्यात पाहिलेल्या मुलीला यंत्र म्हणजे काय हे व्याख्येशिवाय कळेल. लोकरीचा धागा जाळला तर केस जळल्यासारखा वास येतो आणि राख चुरडते. कृत्रिम धागा वितळून त्याची कडक गुठळी होते. हा प्रयोग केलेले मूल पुढे सणगर होणार नाही, पण जत्रेत ‘शंभर टक्के लोकर’ म्हणून गळ्यात मारलेले ब्लँकेट ओळखेल, आणि खऱ्या घोंगडीची किंमत जास्त का असते हेही त्याला समजेल. पाबळच्या विज्ञान आश्रमात 1983पासून डॉ. श्रीनाथ कलबागांनी ग्रामीण मुलांसाठी असेच हाताने शिकणे उभे केले. तिथली मुले आठवड्यातला एक दिवस शेतीपासून वेल्डिंगपर्यंत गावाला उपयोगी कामे करतात, आणि त्यातून विज्ञान शिकतात.

2020च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीसाठी दहा दिवस बिनदप्तराचे ठेवले आहेत, आणि ते स्थानिक कारागिरांबरोबर घालवावेत असे सुचवले आहे. विट्यातल्या शाळांनी त्यातले तीन दिवस लोकरीला, दोन यंत्रमागाला आणि एक गलाईच्या भट्टीला, तेजाबापासून सुरक्षित अंतरावर, द्यायला हरकत नाही. वाद पडेल तो शिकवायला येणाऱ्या सणगराच्या मानधनावर. नारळ, शाल आणि फोटो यांवर त्याची बोळवण करायची आपल्याकडे सवय आहे. त्याला तासाला तेवढेच पैसे द्यावेत जेवढे बाहेरून व्याख्यान द्यायला येणाऱ्या प्राध्यापकाला देतात, आणि ते मुलांना दिसतील असे, शाळेच्या खर्चाच्या वहीत नोंदवून.