‘सोसायटी जबाबदार राहणार नाही’: एका वाक्याची तपासणी

तत्त्वज्ञानाच्या व्याख्यानात सेप्टिक टँक कुठून आला, असं काहींना वाटेल. पण जबाबदारी या शब्दावर बोलायचं, तर तो जिथे सही करून झटकला जातो तिथेच जाऊन बघितलेलं बरं.

गृहनिर्माण सोसायटी टाकी साफ करायचं काम देते. तीन कोटेशनं येतात, सर्वांत कमी दराचं पास होतं, आणि वर्क ऑर्डरच्या खाली एक ओळ टाकतात: काम करताना अपघात झाल्यास सोसायटी जबाबदार राहणार नाही. कमिटीला हायसं वाटतं. आता या ओळीने नेमकं काय हललं? काम कंत्राटदाराकडे गेलं, पैसे गेले. धोका मात्र होता तिथेच, टाकीत आहे.

तो धोका नीट समजून घेऊ. मैला कुजताना हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. सडक्या अंड्यांचा वास येतो तो याचाच. हवेच्या दहा लाख भागांत हा एक भाग असला तरी नाकाला कळतं. पण प्रमाण १०० भागांच्या आसपास गेलं की नाक बधिर होतं. वास थांबतो आणि उतरणाऱ्याला वाटतं, गॅस निघून गेला. १००० भागांच्या आसपास तर एक-दोन श्वासांत माणूस कोसळतो. म्हणजे अनुभवी कामगार ज्या नाकावर विसंबतो, तेच नाक ऐन वेळी खोटी साक्ष देतं! ज्ञानमीमांसेतलं इतकं क्रूर उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

शिवाय झाकण उघडल्यावर हवा ठीक असली तरी गाळ ढवळला की त्यात अडकलेला वायू एकदम सुटतो. मिथेन हवेपेक्षा हलका, हायड्रोजन सल्फाइड जड. म्हणून मीटर वर, मध्ये आणि तळाशी लावायचा आणि काम संपेपर्यंत चालू ठेवायचा. काडी पेटवून बघायची जुनी रीत आहे ना, ती मिथेन असेल तर स्फोट घडवते. पिण्याच्या पाण्याची टाकी दिसायला स्वच्छ, पण बरेच दिवस बंद राहिली तर तिथेही प्राणवायू कमी झालेला असू शकतो. एरवी हवेत तो सुमारे २०.९ टक्के असतो, १९.५ च्या खाली गेला तर आत उतरू नये.

पहिला पडला की दुसरा त्याला काढायला उतरतो. अमेरिकेतल्या नायॉश या कामगार-सुरक्षा संशोधन संस्थेने १९८६ सालीच सांगितलं होतं, की बंदिस्त जागेत मरणाऱ्यांपैकी ६० टक्क्यांहून अधिक लोक दुसऱ्याला वाचवायला गेलेले असतात. इथे माणसातला चांगुलपणाच त्याचा जीव घेतो. म्हणून तिवई, अंगाला पट्टा, दोर आणि तोंडाशी जागेवरून न हलणारा एक माणूस, ही तयारी आधीच हवी. आत न उतरता वर ओढता आलं पाहिजे. सर्वांत कमी दराच्या कोटेशनातून गळतो तो नेमका हाच माणूस.

आता कायदा. हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणारा २०१३ चा कायदा म्हणतो, की सुरक्षेची साधनं न देता गटार किंवा सेप्टिक टँक साफ करायला कुणालाही ‘प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष’ कामाला लावू नये. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कंत्राट म्हणजे हे ‘अप्रत्यक्ष’च की! गोवंडीच्या एका सोसायटीत डिसेंबर २०१९ मध्ये तीन कामगार टाकीत गेले. मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितलं, की सरकारने त्यांच्या पत्नींना प्रत्येकी दहा लाख द्यावेत आणि जबाबदार असणाऱ्यांकडून ते वसूल करावेत. गटारातल्या मृत्यूसाठी ही रक्कम सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये तीस लाख केली. आणि या टाक्यांत उतरणारे बहुतेक कुठल्या जातींचे असतात, हे मी सांगायला नको.

कमिटी म्हणेल, ‘आम्हाला माहीत नव्हतं.’ ॲरिस्टॉटलने या सबबीचा विचार करून ठेवलाय. ज्या अज्ञानाला आपणच कारण आहोत, त्याने दोष कमी होत नाही. दारू पिऊन गुन्हा करणाऱ्याला म्हणूनच दुप्पट शिक्षा, असं तो नोंदवतो. आणि बघा, इमारतीचा नकाशा कुणाकडे असतो? टाकीला कप्पे किती, शेवटची कधी उघडली, कुठला पाइप त्यात येतो, हे सोसायटीच्या कपाटात आहे. कामगार ती टाकी त्याच सकाळी पहिल्यांदा बघतो. जे त्याला सांगितलंच नाही, त्याची जबाबदारी त्याच्यावर सोपवणार कशी?

यावर एक रास्त आक्षेप आहे. सेक्रेटरी बिनपगारी, दिवसभर नोकरी करून आलेला. त्याला सेफ्टी ऑफिसर करायचं का? नाही. त्याने झाकणाला कुलूप घालावं आणि किल्ली आपल्याकडे ठेवावी. मोठ्या कारखान्यांत वर्क परमिट असतं, तसा एक कागद भरल्याशिवाय ती द्यायची नाही. पहिला प्रश्न: आत माणूस उतरायची गरज आहे का? सक्शनच्या गाडीने बहुतेक वेळा भागतं. गरज असलीच, तर कोण उतरणार, वर कोण थांबणार, मीटरचे आकडे काय, किती वाजेपर्यंत. जेवणाच्या सुट्टीनंतर पुन्हा उतरायचं असेल तर मीटर पुन्हा लावायचा, आकडे पुन्हा लिहायचे, सही पुन्हा घ्यायची.