आपण बेटावर राहतो : साष्टीचा भूगोल

बोरिवली, अंधेरी, मुलुंड, ठाणे, भाईंदर इथून कोण कोण आलंय? जरा हात वर करा. म्हणजे निम्म्याहून जास्त सभागृह. मित्रहो, तुम्ही सगळे बेटावर राहता. मुंबईची सात बेटं आपण शाळेत घोकली, पण ती शीव आणि माहीमपाशी संपतात. त्यांच्या उत्तरेला जे सुरू होतं ते साष्टी. सहासष्ट गावांचं म्हणून षट्षष्टी आणि त्याचं साष्टी झालं, अशी व्युत्पत्ती देतात.

बेट कशावरून? लोकलच्या खिडकीतून बघा. भाईंदर सुटलं की नायगावच्या आधी गाडी पुलावर चढते, खाली वसईची खाडी. ठाण्याहून कळव्याला जाताना पुन्हा पूल, पुन्हा खाडी. पश्चिमेला अरबी समुद्र, दक्षिणेला माहीमची खाडी. ईशान्येच्या कोपऱ्यावर उल्हास नदी येते आणि तिला दोन फाटे फुटतात. मोठा फाटा घोडबंदरवरून वसईच्या खाडीत जातो, आणि एक अरुंद, गाळाने भरत आलेला फाटा ठाण्याच्या खाडीला मिळतो. एवढ्याशा फाट्यामुळे हे बेट आहे बरं का! तो बुजला तर साष्टी मुख्य भूमीलाच चिकटेल.

आता बेटाच्या मध्यावर या. इथे डोंगर आहे, साडेचारशे मीटरहून उंच माथ्यांचा, आणि त्यावर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं शंभरेक चौरस किलोमीटरचं जंगल. नकाशावर हे जंगल हिरवा ठिपका दिसतं. मी त्याला बेटाचं छप्पर म्हणतो. पावसाळ्यात या छपरावर पडलेलं पाणी सगळीकडे ओघळतं. दहिसर, पोईसर, ओशिवरा, मिठी या चारही नद्या याच डोंगरांच्या परिसरात उगम पावतात. आपण त्यांना नाले म्हणतो, हा भाग वेगळा. इंग्रजांनी हे पाणी हेरलं आणि विहार तलाव बांधला. १८६० साली विहारचं पाणी मुंबईला मिळू लागलं, १८७९ मध्ये तुळशी झाला. आज आपलं बहुतेक पाणी लांबून, भातसा-वैतरणेकडून येतं, पण हे दोन तलाव अजूनही शहराला पाणी देतात.

यातली मिठी जरा सावकाश बघू, कारण बेटाचा स्वभाव तिच्यातून कळतो. विहार आणि पवई तलाव भरून वाहिले की ते पाणी म्हणजे मिठी. लांबी जेमतेम अठरा किलोमीटर. उतार सुरुवातीला जोरात, पुढे जवळजवळ सपाट. वाटेत ती विमानतळाच्या धावपट्टीखालून जाते, मग वांद्रे-कुर्ला संकुलाला वळसा घालून माहीमच्या खाडीत. या संकुलाच्या जागी पूर्वी दलदल आणि खारफुटी होती, म्हणजे पाण्याला पसरायला जागा होती. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि त्याच वेळी समुद्राला भरती होती. वरून छप्पर गळतंय आणि खालचं दार बंद! पाणी जाणार कुठे? ते कुर्ल्याच्या, कालिन्याच्या घरांत शिरलं. पाऊस विक्रमी होता हे खरंच. पण नदीचं अंग आपण आवळलं होतं, हेही तितकंच खरं.

गंमत म्हणजे याच डोंगरात पाणी कसं अडवावं याचा धडा कोरून ठेवलाय. कान्हेरीला शंभरावर लेणी आहेत. लोक तिसऱ्या क्रमांकाच्या चैत्यगृहातले उंच बुद्ध बघतात आणि परततात. तुम्ही लेण्यांच्या बाजूच्या पोढ्या बघा, म्हणजे कातळात खोदलेली पाण्याची टाकी. माथ्यावरचं पाणी बारीक पन्हळींतून त्यांत उतरवलंय. कल्याण-सोपाऱ्याच्या व्यापाऱ्यांनी जी दानं दिली त्यांत या पोढ्याही आहेत, आणि ते शिलालेखांत लिहिलेलं आहे.

(श्रोत्यांतून प्रश्न : रविवारी मुलांना घेऊन कुठे जावं?)

पावसाळ्यात कान्हेरी. पुढ्यातला ओढा तेव्हा जिवंत असतो, मात्र लोंढ्यात उतरायचं नाही. अंधेरीची गिल्बर्ट टेकडी जरूर दाखवा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा थंड होताना आकसला, त्याला उभ्या भेगा पडल्या आणि हे बहुकोनी खांब तयार झाले. वर गावदेवीचं देऊळ आहे, खाली चारी बाजूंनी इमारती अंगावर आल्यात. हिवाळ्यापासून मे महिन्यापर्यंत भांडुपच्या उदंचन केंद्राच्या बाजूने ठाणे खाडीवर जा, रोहित दिसतील, म्हणजे फ्लेमिंगो. पण भरती-ओहोटीची वेळ बघून निघा, कारण पक्षी चिखल उघडा पडला की चरतात. ही खाडी २०२२ पासून रामसर यादीत आहे. गोराई-मनोरीला तरीने जा, त्यात निम्मी मजा आहे. अक्साला मात्र पाण्यात उतरू नका. तिथल्या ओढीने दरवर्षी माणसं जातात आणि किनारा दिसायला अगदी साधा दिसतो.

आणि कारवी? ती जंगलात साधारण आठ वर्षांनी एकदाच फुलते. २०१६ ला फुलली, २०२४ ला फुलली. आता २०३२. तुमची पहिलीतली मुलं तेव्हा बरीच मोठी झालेली असतील.